नैनाच्या घरचा डबा

नैना चांदोरकर वेगळं राहायला निघाली ती तिच्या धाकट्या भावामुळे, आणि त्या बिचाऱ्याला याचा पत्ताही नव्हता. देवांगला अमेरिकेच्या पार दुसऱ्या टोकाला, सांता क्लाराला नोकरी लागली होती. जॉर्जियात, अल्फारेटातल्या चांदोरकरांच्या घरात आठवडाभर नुसतं बॅगा भरणं आणि वजन करणं चाललं होतं. मेतकूट ठेवलं का, गोडा मसाला ठेवला का, कुकरची जादा रिंग ठेवली का. निघायच्या सकाळी सगळे खाली उतरले, तर जिन्याच्या शेवटच्या पायरीवर नैना बसलेली. अंगात कोट, शेजारी तिची जांभळी बॅग आणि मांडीवर उशी.

"तू कुठे चाललीस गं?" विनयरावांनी हसत विचारलं.

"आय डोन्ट नो," नैना म्हणाली. "बाबा, तुम्ही सांगा. देवांग यंगर आहे. मी मोठी. माझा टर्न आधी होता."

सगळे हसले आणि मग त्यांनी हातातल्या बॅगा खाली ठेवल्या. कारण पोरगी खोटं काही बोलत नव्हती. देवांगचं विमान चुकता चुकता राहिलं. विमानतळावरून घरी येताना गाडीत मागच्या सीटवर नैना उशी धरून बसली होती आणि पुढे आईबाबा एकमेकांकडे बघायचं टाळत होते.

नैनाला डाऊन सिंड्रोम आहे. हे कधी आणि कसं सांगावं, याचा लोक फार विचार करतात. नैना स्वतःच सांगून मोकळी होते, आणि त्याच दमात आपल्याला भेंडी आवडत नाही हेही सांगते. तिच्या लेखी दोन्ही गोष्टी सारख्याच महत्त्वाच्या आहेत, आणि भेंडीचं नीट लक्षात ठेवावं असा तिचा आग्रह असतो. ती कुत्र्यामांजरांच्या एका दवाखान्यात कामाला जाते. तिथले टॉवेल धुणं, वाळवणं आणि घड्या घालणं तिच्याकडे आहे. तिच्या घड्या इतक्या सारख्या असतात की नवीन माणसाला ते काम द्यायचं झालं तर तिथले डॉक्टर त्याला आधी नैनाकडे पाठवतात.

एवढी नोकरी करणारी मुलगी, पण पंचविशी उलटली तरी सकाळी तिच्या ब्रशवर पेस्ट लावून ठेवायची तिची आई. रत्नाताईंना कुणी त्याबद्दल काही बोललं तर त्या म्हणत, "अगं, मला कुठे वेळ लागतो त्याला?" खरंच लागत नसे. मोजे काढून ठेवणं, दुधाचा कप गरम करणं, पोळीचे तुकडे करणं, कशालाच वेळ लागत नसे. नैना तान्ही असताना डॉक्टरांनी तिच्याबद्दल जे जे होणार नाही म्हणून सांगितलं होतं, ते सगळं रत्नाताईंनी आपल्या हातांनी करून दाखवलं होतं. फक्त काही काही ठिकाणी ते नैनाच्या हातांनी व्हायचं राहून गेलं होतं.

नैनाचं नाव सरकारी मदतीच्या प्रतीक्षायादीत ती शाळेत असल्यापासून होतं. ते त्याच वर्षी एकदाचं वर आलं. मग एका संस्थेमार्फत तळमजल्यावरची एका खोलीची जागा मिळाली. आईबाबांचं घर तिथून गाडीने जवळच. शिकवायला दिवसा बाई येणार, रात्री अडलंच तर फोनवर माणूस असणार. पण जागा आधी चाचणीपुरती होती. हिवाळा संपल्यावर मीटिंग. तोवर नैनाला स्वतःचं स्वतः करता आलं, मुख्य म्हणजे संध्याकाळी कुणी नसताना स्टोव्हवर स्वतःचं जेवण करून घेता आलं, तर घर तिचं. नाहीतर बॅग भरून परत आईकडे, आणि जागा यादीतल्या पुढच्याला.

"म्हणजे मी पास झाले तर की माझी? किल्ली?" नैनाने विचारलं.

"तुझी," विनयराव म्हणाले.

नैनाने किल्ली दोरीत ओवून गळ्यात घातली, ती अंघोळीलासुद्धा काढेना.

शिकवायला आल्या त्या मिस लोरेटा. मूळच्या जॉर्जियातल्याच, मेकनच्या. उंच, धिप्पाड, आवाज भारदस्त, आणि अंगात कायम मोठ्या खिशांचा एप्रन. पहिल्या दिवशी नैनाला राजम्याचा टिनचा डबा उघडेना. ओपनर घसरायचा. तिने सवयीने मिस लोरेटांकडे बघितलं. मिस लोरेटा दोन्ही हात खिशात घालून खिडकीबाहेरच्या खारी बघत होत्या. नैनाने थोडा वेळ वाट पाहिली. मग मोठ्याने सुस्कारा टाकला. घरी एवढ्या सुस्काऱ्यावर काम होत असे. इथे खारीच बघणं चालू.

"मिस लोरेटा, तुमचे हात दुखतात का?" शेवटी तिने विचारलं.

"नाही हनी. माझे हात फार आगाऊ आहेत. मोकळे सोडले तर तुझी सगळी कामं करून टाकतील. म्हणून त्यांना कोंडून ठेवलंय."

नैनाला हे फारच आवडलं. ती पोट धरून हसली, आणि हसता हसता ओपनर बसला की!

मग काय विचारता. त्या हिवाळ्यात नैनाच्या घरात रोज काहीतरी घडत होतं. पांढऱ्या कपड्यांत एक लाल मोजा गेला आणि सगळे कपडे गुलाबी झाले. टॉवेलांची एवढी जाणकार आणि घरी लाल मोजा! मिस लोरेटांना वाटलं, आता रडणार. नैना खुशीत म्हणाली, "परत करू या?" एकदा ती कचरा टाकायला गेली आणि दार मागे लागून गेलं. किल्ली नेमकी त्याच दिवशी नवीन स्वेटरसाठी काढलेली. ती तशीच सोसायटीच्या ऑफिसात गेली आणि "मी नैना, मी लॉक्ड आऊट, प्लीज हेल्प" असं खणखणीत सांगून माणूस घेऊन आली. थायरॉइडची गोळी सकाळी ब्रशच्या आधी, हे तिने स्वतःच ठरवलं, आणि पेस्टही स्वतःच लावायला लागली. पहिले काही दिवस ती ब्रशभर लावायची, मग आपोआप कमी झाली.

इतकं सगळं सुरळीत चाललं होतं, आणि तरी गाडी एका ठिकाणी अडली. ती अडवली होती डब्यांनी.

रत्नाताईंचे हातही आगाऊच होते आणि त्यांना कुणी खिसे शिवले नव्हते. पोरगी एकटी, स्टोव्ह विजेचा, तापलाय का नाही ते दिसत नाही, वर उकळतं तेल. त्यांना झोप लागेना. मग त्या एक दिवसाआड डबे आणू लागल्या. पोळ्या, बटाट्याची भाजी, आमटी, भात, सगळं नीट थंड करून. "फक्त वाडग्यात काढून मायक्रोवेव्हमध्ये ठेव हं बाळा." फ्रीझर उघडला की डबे अंगावर यायचे.

नैना खायची. आईच्या हातचं होतं, न खाऊन सांगते कुणाला? खाऊन झालं की डबा घासून, पुसून, आत चिमूटभर साखर घालून परत द्यायची. कारण रत्नाताईंनीच तिला लहानपणी शिकवलं होतं की कुणाचा डबा रिकामा परत द्यायचा नसतो. शेजारच्या काकूंचा असो की मंडळातल्या मावशींचा, आत काहीतरी घालायचं. घरात घालण्याजोगं काही नसेल तर साखर घालायची. साखर म्हणजे आज काही केलं नाही, पण तुमची आठवण आहे. नियम म्हटला की नैना तो मोडत नाही.

एके दिवशी मिस लोरेटांनी स्टोव्हवरून बोट फिरवलं. कोरा करकरीत. मग फ्रीझर उघडला आणि लगेच बंद केला.

"नैना," त्या म्हणाल्या, "आज मीटिंग असती तर मला काय सांगावं लागलं असतं माहितीये? नैना जेवण फार छान गरम करते."

नैना हसली नाही. तिला बरोबर कळलं. तिने गळ्यातली किल्ली मुठीत धरली.

संध्याकाळी तिने फोन केला. "आई, नो डबा."

"का गं? आवडलं नाही का? तिखट झालं का?"

"आवडलं. पण डबा आला तर मी कुक नाही करणार. कुक नाही केलं तर की जाणार."

"अगं, पण चुलीपाशी तू एकटी..."

"आई. नो. डबा. संडेला चालेल."

रत्नाताईंनी हो म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी दारात डबा ठेवून आल्या. आईच ती, एका फोनने कुठली सुधारायला! शनिवारी नैनाने डबा परत पाठवला. रत्नाताईंना तो जड लागला. उघडला तर त्यांचीच बटाट्याची भाजी जशीच्या तशी, आणि तिच्यावर कागदात बांधलेली चिमूटभर साखर.

रत्नाताई स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून रडल्या. विनयरावांनी डब्यात डोकावून बघितलं आणि त्यांना हसू फुटलं.

"हसताय काय? पोरीने डबा परत पाठवलाय माझा!"

"साखर घालून पाठवलाय," विनयराव म्हणाले. "रत्ना, तूही तुझ्या सासूचे डबे असेच परत पाठवायचीस. फक्त साखर घालत नव्हतीस."

इकडे नैनाचं शिक्षण सुरू झालं होतं. मिस लोरेटांची तयारी पास्ता शिकवायची होती. नैना म्हणाली पास्ता नको, आमटी. मिस लोरेटांनी आमटी कधी बघितलेलीही नव्हती, पण जिला रोज जेवायचं आहे तिने ठरवावं, असा त्यांचा हिशेब. डाळ इलेक्ट्रिक कुकरमध्ये लावणं नैनाला एका फेरीतच जमलं. चिंच, गूळ, मसाला यांत तर तिला मजाच आली. अडलं ते फोडणीवर. मोहरी तडतडली आणि नैना किंचाळून बाथरूममध्ये गेली. तिला असे अचानक आवाज सहन होत नाहीत. तेवढ्यात मिरची करपली आणि छतावरचा धुराचा अलार्म कोकलू लागला. आता बाथरूममधून बाहेर येणार कोण?

मिस लोरेटांनी स्टोव्ह बंद केला. तेवढ्यापुरता त्यांनी हात बाहेर काढला, मग परत खिशात.

"नैना, अलार्म तुझ्या घरचा आहे," त्या दारातून ओरडल्या. "त्याला गप्प कोण करणार?"

दार किलकिलं झालं. कानांवर हात ठेवून नैना बाहेर आली. वर बघितलं. मग कपाटातून आपला गुलाबी टॉवेल काढला, खिडकी उघडली, आणि दोन्ही हातांनी टॉवेल असा काही झटकला की धूर मुकाट्याने बाहेर गेला. अलार्म थांबला. "टॉवेल्स आर माय जॉब," ती धापा टाकत म्हणाली, आणि मग दोघी खाली बसून हसत सुटल्या.

त्यानंतर पहिलं काम ठरलं, एक्झॉस्टचा पंखा लावणं. आणि मोहरीवर तोडगा नैनानेच काढला. तिला तापलेल्या तेलाची भीती वाटत होती, मग तेल तापवायचंच कशाला? गार तेलात मोहरी घालायची, वर झाकण ठेवायचं आणि मग स्टोव्ह लावायचा. आत तडतड झाली तरी झाकणाखाली. आवाज थांबला की बंद, मग हिंग, हळद, कढीपत्ता. पहिल्यांदा मोहरी जरा कच्ची राहिली, दुसऱ्यांदा जळाली, आणि मग कधीतरी ती नेमकी फुलली. तो वास घरभर पसरला तेव्हा नैना झाकण हातात धरून नाचली. तिला आपल्या घराला पहिल्यांदा घराचा वास आला होता.

मीटिंगच्या आधीच्या रविवारी तिने आईबाबांना जेवायला बोलावलं. मिस लोरेटाही आल्या. त्या दिवशी काय होतं ते बघून त्या मीटिंगमध्ये सांगणार होत्या. रत्नाताई दारातून आत आल्या त्या थेट ओट्याकडे निघाल्या.

"आई, बस," नैना म्हणाली. "तू पाहुणी."

रत्नाताई बसल्या. म्हणजे खुर्चीच्या कडेवर टेकल्या. मिस लोरेटांनी त्यांच्याकडे बघून आपले हात खिशात घातले आणि मान हलवली, तुम्हीही घाला अशा अर्थाने. पण साडीला खिसे कुठले? रत्नाताईंनी दोन्ही हात मांड्यांखाली घेतले आणि त्यांच्यावर बसल्या.

नैनाने पंखा लावला. कढल्यात तेल घेतलं आणि त्या गार तेलात मोहरी टाकली.

"अगं अगं! थंड तेलात मो..." रत्नाताई ओरडल्या, तोच विनयरावांनी त्यांच्या पायावर पाय ठेवला. रत्नाताईंनी ओठ मिटले. इतकी वर्षं स्वयंपाक केला, आता हे बघायचं राहिलं होतं! झाकणाखाली तडतड झाली. नैनाने डोळे घट्ट मिटले, पण ती जागेवरून हलली नाही. आवाज थांबला. तिने स्टोव्ह बंद केला, झाकण काढलं, हिंग-हळद घातली आणि फोडणी आमटीवर ओतली. चर्र झालं. वास आला. तो रत्नाताईंच्याच स्वयंपाकघराचा वास होता.

ताटं वाढली. भात, आमटी, लिंबाची फोड, काकडी. पहिला घास रत्नाताईंनी तोंडात घातला आणि त्यांना कळलं. मीठ नव्हतं. मुळीच नव्हतं.

त्यांनी विनयरावांकडे पाहिलं. त्यांनाही कळलं होतं. मिस लोरेटा काहीच न झाल्यासारख्या जेवत होत्या. मिठाचा डबा ओट्यावर समोर दिसत होता. आता फक्त उठायचं, चिमूट घालायची आणि ढवळायचं. कितीसा वेळ लागणार होता त्याला? आपण उठलो तर पोरीचं घर जाईल, नाही उठलो तर कदाचित तरीही जाईल, असं रत्नाताईंच्या मनात आलं आणि त्यांचा जीव टांगणीला लागला. त्यांनी डावा हात पुन्हा मांडीखाली घेतला.

नैना सगळ्यांत शेवटी बसली. तिने भात कालवला, घास घेतला, आणि चावता चावता थांबली. भुवया वर गेल्या. तिने आईकडे बघितलं, बाबांकडे बघितलं. मग ती मोठ्याने म्हणाली, "यू गाइज! मीठ नाही! कुणी सांगितलं का नाही?"

आणि उठली. मीठ घेतलं, आमटीत घातलं, ढवळलं, चमच्यावर घेऊन फुंकर घालून चाखलं, अजून थोडं घातलं, परत चाखलं. मग सगळ्यांच्या ताटांत नव्याने आमटी वाढली. "नाऊ खा," ती म्हणाली.

रत्नाताईंनी खाल्लं. आमटी चांगली झाली होती. आईला वाटतं म्हणून चांगली नव्हे, चांगलीच झाली होती, आणि मोहरी गार तेलात टाकली होती हे कुणाच्या बापाला कळलं नसतं. त्यांनी दोनदा भात घेतला. त्या जेवता जेवता रडत होत्या, आणि नैना म्हणत होती, "आई, तिखट झालं का?"

निघताना नैनाने त्यांच्या हातात एक डबा दिला. त्यांचाच, कडीचा, स्टीलचा, फ्रीझरमध्ये मागे राहून गेलेला. रत्नाताईंना वाटलं साखर असेल. पण डबा गरम होता आणि जड होता.

"आमटी," नैना म्हणाली. "रात्री खा. मायक्रोवेव्हमध्ये ठेव. वाडग्यात काढून हं."

घरी पोचेपर्यंत रत्नाताईंनी तो मांडीवरून खाली ठेवला नाही.

मीटिंगमध्ये मिस लोरेटांनी फारसं भाषण केलं नाही. त्यांनी फक्त मिठाची गोष्ट सांगितली. आमटी अळणी झाली होती, खोलीत तीन मोठी माणसं गप्प बसली होती, आणि हिने स्वतः चाखून, स्वतः उठून ती नीट केली. एकटीने राहायला याहून जास्त काय लागतं ते मला माहीत नाही, असं त्या म्हणाल्या. संस्थेच्या बाईंनी नैनाला विचारलं, "तुला काही सांगायचंय?"

"की माझी आहे," नैना म्हणाली. "आणि मला भेंडी आवडत नाही."

घर तिचं झालं. तिने खुर्चीवरून उठून आधी मिस लोरेटांना मिठी मारली, मग बाबांना, मग आईला, आणि आईला सोडलंच नाही. देवांगला सगळ्यांनी मिळून फोन केला. तिकडे तो पिझ्झा मागवत होता. नैनाने त्याला फोडणी कशी करतात ते पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकवलं आणि तू अजून शिकला नाहीस का, असं विचारलं.

पुढच्या रविवारी दाराची बेल वाजली. नैनाने दार उघडलं. रत्नाताई उभ्या होत्या. हातात एकच पिशवी आणि पिशवीत तो कडीचा डबा. नैनाचे डोळे बारीक झाले. तिने डबा घेतला आणि हातात तोलून बघितला. हलका. कानाशी धरून हलवला. तिने कडी काढली.

आत चिमूटभर साखर होती.

"ओन्ली शुगर?" नैनाने विचारलं.

"ओन्ली शुगर," रत्नाताई म्हणाल्या. "आज काहीच केलं नाही गं. सकाळपासून उपाशी आहे. काय केलंयस?"

नैनाने साखरेची चिमूट तोंडात टाकली आणि दारातून बाजूला झाली.

"आधी हात धुवून ये," ती म्हणाली आणि एक्झॉस्टचा पंखा लावायला गेली.